हाल्प द्राय म्हणजे अडीच

बडोद्यातल्या मराठी घरातलं मूल नववीत पोचतं तेव्हा त्याच्या तोंडात चार भाषा आधीच असतात. घरी मराठी, तीही ‘येतोस ने?’ असं गुजराती शेपूट लावलेली. रिक्षात आणि शेव-उसळीच्या गाडीवर गुजराती, टीव्हीमुळे हिंदी आणि वर्गात इंग्रजी. त्यावर शाळा जर्मन किंवा फ्रेंचचा तास घालते आणि आई काळजीने विचारते, ‘झेपेल का हो एवढं?’ झेपतं. भाषा किती आहेत यावर फारसं काही अडत नाही. अडतं ते एका भाषेची सवय दुसरीत नको तिथे घुसते म्हणून, आणि ती कुठे घुसणार हे बरंचसं आधीच सांगता येतं. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी आणि जर्मन शिकवताना जे दरवर्षी त्याच क्रमाने समोर येतं, ते इथे मांडतो आहोत.

आधी भाषा निवडण्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक वर्गांसाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन ही नावं आहेत, आणि तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात अशी अटही आहे. कागदावर यादी मोठी दिसते, शाळेत मात्र शिक्षक मिळेल तीच भाषा मिळते. परक्या भाषेचा शिक्षक बऱ्याचदा दोन-तीन शाळांत फिरता असतो आणि अर्ध्या वर्षात सोडूनही जातो. म्हणून प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारावेत. आठवड्याला तास किती? पुस्तक कोणतं? आणि दहावीच्या बोर्डाला हा विषय देता येणार का? सीबीएसईत फ्रेंचचा विषय-क्रमांक ०१८ आणि जर्मनचा ०२० आहे. (मराठीचाही आहे, ००९. तो घेणारं मूल बडोद्यात शोधावं लागतं, ही वेगळी गोष्ट.) नववीच्या नोंदणीत जे विषय लागतात तेच सहसा दहावीला राहतात, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याची जागा आठवीतच आहे.

तासांचा हिशेबही तेव्हाच करून टाकावा. युरोपात भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१ अशा सी२ पर्यंत मोजतात. पहिल्या पायरीसाठी, म्हणजे ए१ साठी, जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ८० ते २०० तास सांगते, ४५ मिनिटांचा एक तास धरून. शाळेत आठवड्याला दोन तास मिळाले आणि वर्षाचे ३५ आठवडे भरले तरी ७० तास होतात. त्यातून स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि परीक्षा वजा करा. म्हणजे शाळेच्या तासांवर ए१ ला दोन वर्षं लागतात. एका वर्षात करू असं कोणी सांगत असेल तर घरचा रोजचा अर्धा तास त्यात धरलेला आहे, असं समजावं.

सुरुवात कानापासून करायची. इथे पालकांशी थोडा वाद होतो, कारण त्यांना पहिल्या आठवड्यात वहीत काहीतरी लिहिलेलं बघायचं असतं.

वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. वरचं टोक चिमटीत धरून ती ओठांपासून चार बोटांवर लोंबती ठेवा आणि ‘पिन’ म्हणा. मराठी ‘प’ म्हटलात तर पट्टी जागची हलत नाही. इंग्रजाने म्हटलं तर ती उडते, कारण इंग्रजी शब्दाच्या तोंडाशी असलेल्या प, ट, क यांच्यामागे हवेचा झोत असतो. आता ‘स्पिन’ म्हणा. इथे इंग्रजाचीही पट्टी हलत नाही, कारण स च्या मागे आला की तोच प आपल्यासारखा होतो. मुलांना हा खेळ आवडतो आणि लगेच त्याची दुसरी चूक सुरू होते. झोत आणायचा म्हणून मुलं ‘फिन’ म्हणू लागतात, दात ओठाला लावून, आणि मग ऐकणाऱ्याला माशाचा पर ऐकू येतो. त्यावर उपाय मराठीतच आहे. ‘फूल’ हा शब्द आजी म्हणते तसा, दोन्ही ओठ मिटून म्हणायला लावायचा. तो खरा मराठी फ. त्यातला झोत अर्ध्यावर आणला की ‘पिन’ जमते. ट च्या बाबतीत जिभेची जागाही बदलते. मराठी ट ला जीभ मागे वळते, त ला दातांना टेकते आणि इंग्रजी ‘टेन’ला दातांच्या मागच्या उंचवट्यावर टेकते, म्हणजे दोघांच्या मधे.

साहेबासारखं बोलता आलं पाहिजे असं मुळीच नाही. अर्थ बदलतो तेवढंच दुरुस्त करावं, बाकी आपला हेल असू द्यावा. आम्ही फक्त चार जोड्या घेतो: वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बनियन, शिप आणि शीप, स्नॅक आणि स्नेक, हॉल आणि होल. शेवटच्या दोन जोड्या खास बडोद्याच्या. गुजरातीत ॲ आणि ए यांतला फरक मराठीइतका धारदार ठेवत नाहीत, त्यामुळे ‘ब्रेकमध्ये स्नेक खाल्ला’ हे वाक्य इथल्या शाळांत गंभीर चेहऱ्याने ऐकू येतं. मजा अशी की मराठी मूल घरी ऐकलेले बॅट, बँक, हॉल हे शब्द बरोबर म्हणतं आणि शाळेत नव्याने शिकलेल्या शब्दांत चुकतं. घरचाच ॲ नव्या शब्दांना लावायचा, एवढंच त्याला दाखवून द्यावं लागतं. शिप-शीप जास्त चिवट. मराठी शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ पाठ केलेलं असतं, पण बोलताना शब्दाच्या शेवटचा इ आपण लांबवतोच, त्यामुळे कानाला तो फरक अर्थाचा वाटत नाही. शिवाय इंग्रजीत ही जोडी फक्त लांबीची नाही. शिप म्हणताना जीभ जरा खाली आणि सैल असते.

सराव असा करायचा: सांगणाऱ्याने जोडीतला एक शब्द म्हणायचा, मुलाने एक किंवा दोन बोटं दाखवायची. वीस वेळा. सतरा बरोबर येईपर्यंत मुलाला तो शब्द स्वतः म्हणू द्यायचा नाही. रोज पाच मिनिटं केलं की सहा आठवड्यांत चारही जोड्या सुटतात. ऐकू न येणारा फरक तोंडाने काढायला लावला की मूल दोन्ही शब्द मधल्याच कुठल्यातरी आवाजात म्हणायला शिकतं, आणि ते पुसणं फार कठीण जातं.

जर्मनच्या आवाजांत मराठी मुलाला एक आयती सवलत आहे. जर्मन झेड म्हणजे ‘त्स’, आणि तो आपल्या ‘चमचा’तल्या च च्या अगदी जवळचा. ‘चहा’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा, हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. गुजराती आणि हिंदीत हा दुसरा च नाही, म्हणून वर्गातल्या इतर मुलांना दहा हा आकडा, म्हणजे ‘त्सेन’, म्हणायला महिना लागतो. बाकी नियम थोडे आहेत. डब्ल्यू म्हणजे आपला व. व्ही बहुतेक मूळ जर्मन शब्दांत फ, म्हणून बाप म्हणजे ‘फाटर’. शब्दाच्या शेवटचे ब, द, ग हे प, ट, क होतात: दिवस हा शब्द लिहिताना शेवटी ग, ऐकताना ‘टाक’. ‘आणि’ या अर्थाचा शब्द तर चक्क ‘उंट’ ऐकू येतो, आणि तो कोणी विसरत नाही. दोन टिंबांच्या यू साठी तोंडात ‘ई’ धरायची आणि ओठ तेवढे ‘ऊ’चे करायचे. दोन टिंबांच्या ओ साठी आत ‘ए’, बाहेर ‘ओ’. ‘मी’ या अर्थाचा शब्द आम्ही इथे ‘इश’ लिहितो आहोत, पण तो ना श ना ह. ‘ही’ म्हणताना हवा जिथून घासून जाते तिथे थांबून फुंकायचं. मुलं वहीत ‘इख’ किंवा ‘इक’ लिहून ठेवतात आणि मग वही जिंकते. म्हणून पहिले तीन आठवडे जर्मन शब्दांवर देवनागरी उच्चार लिहायला आम्ही मनाई करतो. कान बसल्यावर लिहिले तर हरकत नाही.

शब्दांसाठी चिठ्ठ्यांचा डबा. लाइटनर नावाच्या विज्ञानलेखकाने १९७२ साली मांडलेली ही पद्धत आहे आणि तिला लीलो चेवड्याचा रिकामा खोका पुरतो. खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज उघडायचा. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की ती कुठल्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. दुसरा कप्पा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा पंधरा दिवसांनी. रोज आठ नवे शब्द, त्याहून जास्त नाहीत. पंधरा घातले की दहाव्या दिवशी पहिला कप्पा फुगतो, बसायला पाऊण तास लागतो आणि मूल खोका कपाटावर ठेवून देतं. चिठ्ठीच्या एका बाजूला सुटा शब्द लिहू नये. इंग्रजीसाठी चार-पाच शब्दांचं वाक्य आणि त्यात गाळलेली जागा. जर्मन नामाआधी तो, ती, ते यांसारखे देर, दी, दास लागतात, त्यांसाठी तीन रंग: देर निळ्याने, दी लाल, दास हिरव्याने. अनेकवचन खाली लगेच, कारण ते नंतर कोणी शोधत नाही.

या देर-दी-दासबद्दल पालक सगळ्यात जास्त घाबरलेले असतात, आणि मराठी माणसाने सगळ्यात कमी घाबरावं अशी ही जागा आहे. तो, ती, ते आपल्याकडे आहेच. हिंदीत घर आणि पाणी दोन्ही पुल्लिंगी, तिथे तिसरा खणच नाही. मराठीत ते घर, ते पाणी, ते पुस्तक, ते मूल. जर्मनमध्ये दास हाउस, दास वासर, दास बूख, दास किन्ट. चारही जुळतात. पण इथेच थांबून लगेच न जुळणारे दाखवावे लागतात, नाहीतर मूल मराठीवरून बिनधास्त ठोकत सुटतं. ती खुर्ची, पण देर श्टूल. तो सूर्य, पण दी झॉने, म्हणजे जर्मनांचा सूर्य बाई आहे. ते दार, पण दी ट्यूर. आणि मुलगी? दास मेटशेन, नपुंसक! वर्गातल्या मुली यावर दरवर्षी आक्षेप घेतात. कारण सरळ आहे: शेवटी ‘शेन’ हा लाडाने लहान करणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसक होतोच. आपण ‘ते पोरगं’, ‘ते कोकरू’ म्हणतोच की. म्हणजे मराठीतून घ्यायचं ते असं की वस्तूला लिंग असतं, ते तीन प्रकारचं असतं आणि त्याचं कारण विचारायचं नसतं. कुठल्या शब्दाला कुठलं, ते मात्र मराठीला विचारायचं नाही. त्याऐवजी शेवट पाहायचे. उंग, हाइट, काइट, शाफ्ट हे शेवट असले की दी. आठवड्याचे वार, महिने आणि ऋतू सगळे देर. एवढ्याने पुष्कळ काम होतं, उरलेल्यांसाठी खोका आहेच.

खरी कसोटी ‘-ला’ची. ‘मी माणसाला पाहतो’ आणि ‘मी माणसाला मदत करतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच प्रत्यय पुरतो. जर्मन इथे दोन वाटा करते: इश झेए देन मान, पण इश हेल्फे देम मान. देन आणि देम, शेवटचं एक अक्षर. दुसरी अडचण उलट्या बाजूने येते. ‘मी टेबल विकत घेतो’ म्हणताना मराठीत ला लागतच नाही, कारण टेबल निर्जीव. म्हणून मूल ‘देर टिश’ तसंच ठेवतं. जर्मनला सजीव-निर्जीवाशी देणंघेणं नाही, इश काउफे देन टिश. पहिल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत जितक्या चुका सापडतात, त्यांतल्या निम्म्या या एका ओळीतल्या असतात. आम्ही सांगतो ते असं: ‘-ला’ दिसला म्हणून थांबू नका. दोन प्रश्न विचारा. क्रियापद कोणाला काही देतं, सांगतं, मदत करतं का? मग देम. नुसतं त्या वस्तूवर घडतं का? मग देन. आणि हा देनचा बदल फक्त देरवाल्या शब्दांचा. पाहणं, घेणं यांत दी आणि दास जसेच्या तसे राहतात. म्हणून सरावाच्या दहा वाक्यांत सात तरी देरची हवीत. पुस्तकांत सगळी समसमान वाटलेली असतात आणि मुलाला वाटतं की आपल्याला येतंय.

मग एक दिवस बक्षीस मिळतं. ‘आवडणे’ शिकवायची वेळ येते. इंग्रजी माध्यमातलं मूल ‘आय लाइक’वरून मी-ने सुरू करायला जातं. त्याला थांबवून मराठी वाक्य मोठ्याने म्हणायला लावायचं: मला पुस्तक आवडतं. फळ्यावर खाली लिहायचं: दास बूख गेफेल्ट मिर. ‘मिर’ म्हणजे मला. आता अनेकवचन कर. मला पुस्तकं आवडतात. क्रियापद कोणाप्रमाणे बदललं? माझ्याप्रमाणे की पुस्तकांप्रमाणे? पुस्तकांप्रमाणे. जर्मनमध्येही तेच, दी ब्यूशर गेफालन मिर. ‘मला थंडी वाजते’ला मिर इस्ट काल्ट, इथेही ‘मला’. ‘कारण मी दमलो आहे’मध्ये क्रियापद शेवटी, वाइल इश म्यूडे बिनमध्येही शेवटी, आणि इंग्रजीत मात्र ‘ॲम’ मधेच. इंग्रजीवरून जर्मन शिकवणारी पुस्तकं या रचना अपवाद म्हणून देतात. मराठीवरून पाहिलं तर त्या घरच्याच आहेत.

आकड्यांचंही तसंच. एकवीस म्हणजे एक आणि वीस, आधी एकक. जर्मनमध्येही आइन-उंट-त्स्वान्त्सिश, आधी एक मग वीस. इंग्रजी उलटं. पण इंग्रजी माध्यमातल्या कितीतरी मराठी मुलांना सत्तेचाळीस म्हणजे किती ते चटकन सांगता येत नाही, फॉर्टी-सेव्हन येतं. अशा मुलांना आधी आजीकडे पाठवून मराठी उजळणी म्हणून घ्यावी लागते, आणि जर्मनच्या निमित्ताने पंचेचाळीस-पंचावन्नचा घोळ एकदाचा मिटतो. एकोणतीस तेवढं सोडून द्यायचं, जर्मन तिथे नऊ-आणि-वीसच म्हणते. घड्याळात तर कमालच आहे. ‘हाल्प द्राय’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धा तीन’, आणि वेळ अडीचची. मुलं हटकून साडेतीन लिहितात आणि ऐकण्याच्या परीक्षेत गाडी तासभर उशिरा पकडतात. त्यांना सांगावं की अडीच हा शब्द संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. तेच गणित. दीडच्या वेळी ‘हाल्प त्स्वाय’. अडीच-दीड लक्षात राहिले की साडेचारसाठी ‘हाल्प फ्युन्फ’ आपोआप निघतं.

आता दोन परक्या भाषा एकमेकींत अडकतात ती जागा. ‘मी त्याला काल भेटलो.’ इंग्रजीत काल आला की हॅव चालत नाही, ‘आय मेट हिम यस्टर्डे’. मराठीत ‘भेटलो आहे’ असंही म्हणतो, त्यामुळे ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ ही चूक घरोघरी आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने महिनाभर घासून ती घालवलेली असते, आणि त्याच सुमारास जर्मनचा शिक्षक शिकवतो: इश हाबे इन गेस्टर्न गेट्रोफन. ‘हाबे’ म्हणजे हॅव, ‘गेस्टर्न’ म्हणजे काल, आणि वाक्य बरोबर! पुढच्या आठवड्यात इंग्रजीत हॅव परत. यात मूल धांदरट नसतं, दोन्ही शिक्षक एकमेकांशी बोललेले नसतात. आम्ही ही दोन वाक्यं एकाच पानावर समोरासमोर लिहून घेतो आणि ‘काल’भोवती गोल करतो. बोलताना घडलेली गोष्ट जर्मन बहुतेक वेळा हाबे किंवा ‘बिन’ लावूनच सांगते, वेळ दिलेली असली तरी. इंग्रजीत वेळ दिली की दार बंद.

इंग्रजीतल्या उरलेल्या चुकांपैकी पुष्कळ मराठी प्रत्ययांतून आणि शब्दयोगी अव्ययांतून येतात. ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘घरी पोचलो’वरून ‘रीच्ड टू होम’, ‘स्टेशनवर’ म्हणून ‘ऑन द स्टेशन’. मॅरी आणि डिस्कस यांच्यापुढे काहीच लागत नाही, स्टेशनला ‘ॲट’. अशा चाळीसेक जोड्यांची एकच यादी करावी, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. व्याकरणाच्या जाड पुस्तकातली प्रीपोझिशनची पानं पाठ करण्यापेक्षा ही यादी कामाची, कारण ती आपल्याच चुकांची असते. ‘द’ आणि ‘अ’चं मात्र यादीने होत नाही. तिथे मराठी कानाला विचारता येतं: ‘एक’ घालता येतो का, ‘तो’ घालता येतो का, की दोन्ही नको? ‘गल्लीत एक कुत्रा होता. तो कुत्रा भुंकला.’ अ, मग द. ‘सोनं महाग झालं’, दोन्ही नको, इंग्रजीतही नको. ‘वाघ हा हिंस्र प्राणी आहे’ यातल्या ‘हा’च्या जागी ‘द टायगर’. दहांत आठ वेळा हे लागू पडतं. नद्या, वर्तमानपत्रं, वाद्यं ही उरलेल्या दोन वेळांतली.

दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची रचना दहावीच्या पेपरात हमखास येते आणि मराठी तिथे पाय ओढते. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ यात येणारा तो आहे, हे मराठी माणसाला कळतं. शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं की येणारे आपण ठरतो. ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’: माणूस, काळ आणि दिवस, तीन गोष्टी बदलल्या. उत्तर लिहून झाल्यावर तीन बोटं मोजायची. बहुतेकांचा दिवस राहतो.

सीबीएसई दहावीचा इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा, २० शाळेकडे. वाचन २०, लेखन आणि व्याकरण मिळून २०, साहित्य ४०. वाचायला पंधरा मिनिटं वेगळी मिळतात, ती उताऱ्याचे प्रश्न आधी वाचण्यात घालवावीत, उतारा मागून. औपचारिक पत्र आणि आलेख किंवा तक्त्यावरचा परिच्छेद हे प्रत्येकी पाच गुणांचे, १०० ते १२० शब्दांचे. पत्रात गुण जातात ते इंग्रजीमुळे कमी, मराठी अर्जाच्या सवयीमुळे जास्त. ‘सविनय विनंती की’चं भाषांतर करत मूल दोन ओळी नमस्कारात घालवतं आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहून मोकळं होतं. काय हवंय, कधीपर्यंत, आणि नाही झालं तर काय अडेल, ही तीन वाक्यं आधी कच्ची लिहावीत, मग त्यांच्याभोवती पत्र बांधावं. सगळं डाव्या समासाला लावून. तक्त्याच्या परिच्छेदात प्रत्येक आकडा लिहायचा नसतो. सर्वात मोठा, सर्वात छोटा आणि जिथे उलटापालट झाली तो, एवढे तीन पुरतात.

वर्षाची आखणी करताना पंचांग शेजारी ठेवावं. शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, मे जातो. जून ते सप्टेंबर हा सलग काळ, आवाज आणि लिंग-विभक्ती तेव्हाच उरकायची. नवरात्रातल्या नऊ रात्री बडोद्यात अभ्यास होईल असं समजणाऱ्याने बडोदं पाहिलेलं नाही. त्या दिवसांत नवे शब्द बंद, फक्त खोक्याचे दुसऱ्यापासूनचे कप्पे, दहा मिनिटं. दिवाळीनंतर ऐकणं वाढवायचं. जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे अगदी पहिल्या पायरीपासूनचे धडे मोफत आहेत. त्यांच्या संथ वाचलेल्या बातम्या मात्र आत्ता नकोत, त्या बऱ्याच वरच्या पायरीच्या. चाळीस सेकंदांचा एकच तुकडा पाच दिवस: पहिल्या दिवशी नुसता ऐकायचा, दुसऱ्या दिवशी मजकूर बघून, तिसऱ्या दिवशी आवाजाच्या मागोमाग म्हणत, चौथ्या दिवशी मजकूर झाकून, पाचव्या दिवशी ध्वनिमुद्रण करून. उत्तरायणाच्या आधी हे चक्र आठ तुकड्यांचं झालं की पुरे. त्यानंतर गच्चीवर पतंग आणि फेब्रुवारीत बोर्ड.

बोलायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. बडोद्यात तो वाटतो तितका अवघड नाही. इथल्या बडोदा कॉलेजात अरविंद घोषांनी फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं होतं, १८९३ ते १९०६ या काळात संस्थानच्या नोकरीत असताना. त्याच कॉलेजभोवती १९४९ साली सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच्या कला शाखेत फ्रेंच, जर्मन, रशियन हे विभाग आहेत. तिथे शिकणारी एखादी ताई किंवा दादा आठवड्यातून एक तास बोलायला मिळाला, तर तो शाळेच्या चार तासांच्या बरोबरीचा ठरतो. फक्त त्या तासात व्याकरण शिकवायला सांगू नये. बाजार, वेळ, कुटुंब, आवडीनिवडी, शाळा या पाच विषयांवर प्रश्नोत्तरं करावीत.

शाळेत विषय नसेल, किंवा असूनही प्रमाणपत्र हवं असेल, तर दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ग्योटेची ‘फिट इन डॉइच १’ ही ए१ ची परीक्षा आहे. ती मुंबईच्या किंवा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे ग्योटेच्याच इथल्या केंद्रात, देता येते. फ्रेंचवाल्यांची तशीच परीक्षा म्हणजे कनिष्ठ डेल्फ. तिच्यात चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला ५० आणि कुठल्याही भागात पाचाखाली नाही. ग्योटेला ६० टक्के लागतात. अर्ज भरताना बडोद्याच्या मुलांचं नेहमी एकच चुकतं: नाव. इथल्या शाळांच्या दाखल्यांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. अर्जात पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. मूल दाखल्यावरून उतरवतं, आडनाव पहिल्या रकान्यात जातं आणि प्रमाणपत्र तसंच छापून येतं. ओळखपत्र समोर ठेवून एका मोठ्या माणसाने तो रकाना पाहावा.

‘फिट इन डॉइच’चा लेखी भाग साधारण तासाभराचा. लिहिण्यात एका ईमेलला तीसेक शब्दांचं उत्तर द्यायचं असतं. त्यात विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य हवंच, सुंदर वाक्य नसलं तरी चालेल. तोंडीला मुलं गटात बसतात. आधी स्वतःची ओळख, मग विषयाच्या चिठ्ठीवरून एकमेकांना प्रश्न, मग चित्राच्या चिठ्ठीवरून विनंती किंवा प्रश्न. ग्लासाचं चित्र आलं की काय म्हणायचं ते सगळ्यांना पाठ असतं: ‘मला पाणी मिळेल का?’ अडतं ते दुसऱ्या बाजूला. शेजारच्या मुलाने विनंती केली की आपली मुलं हसून मान हलवतात, घरी हलवतात तशीच. परीक्षकाला मान दिसते, पण गुण आवाजाला आहेत. म्हणून शेवटचे दोन आठवडे आम्ही विनंत्यांचा सराव बंद करतो आणि फक्त उत्तरांचा घेतो: हो, घे ना. नाही, माझ्याकडे नाही. थांब जरा, देतो.